मटण स्ट्रीटवरची पाच मिनिटं

(पहाट. बंद दुकानांसमोर पथाऱ्या. मोबाइलच्या टॉर्चचे उजेड इकडून तिकडे हलताहेत.)

शुक्रवारी उजाडायच्या आत मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, रस्त्यावरच पथाऱ्या पडतात. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, जोडी हरवलेले बूट, रिमोटांचा ढीग, आणि त्या ढिगाखालून डोकावणारा, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या काळ्या कातड्याचा एक कोपरा. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हेच चित्र. तो कोपरा दिसला की छातीत धडधडायला लागतं, आणि हात आवरायची वेळ नेमकी तीच. विकणाऱ्याने चेहरा वाचला की भाव तिथेच चढला. म्हणून मुरलेला गिऱ्हाईक आधी शेजारचा रिमोट उचलतो, त्याचा भाव विचारतो, आणि मग सहज म्हणून म्हणतो, "आणि हे काय आहे?"

कॅमेरा हातात आला की लगेच मागचं झाकण उघडायचं नाही. आत रोल असू शकतो. 35 एमएमच्या कॅमेऱ्यात डावीकडचा रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. बोटाला ताण लागला तर आत फिल्म आहे. मोकळा फिरला तर कॅमेरा रिकामा. निदान बहुतेक वेळा. 120 च्या, म्हणजे जास्त रुंद फिल्मच्या, कॅमेऱ्यात रोल असेल तर उरलेली फिल्म पुढे गुंडाळत राहायचं, ताण संपेपर्यंत, आणि मगच सावलीत उघडायचं. कुणीतरी काढून विसरलेला कृष्णधवल रोल कित्येक वर्षांनीही काही ना काही दाखवतो. रंगीत रोल मात्र लवकर विटतो.

(क्लोजअप: दोन भिंगांचा कॅमेरा, वरचं झाकण उघडतं.)

आता हा बघा. याशिका मॅट 124 जी. 1970 साली बाजारात आला. एका रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरच्या बारा चौकोनी फ्रेम. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. नावातला "जी" म्हणजे गोल्ड, पण ते सोनं आतल्या विजेच्या संपर्कबिंदूंवरच्या मुलाम्यापुरतं. त्या जोरावर कुणी भाव वाढवू लागला तर हसून सोडून द्यायचं.

आत फिल्म नाही याची खात्री झाली की मागचं झाकण उघडा. शटर "बी" वर ठेवा, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं. छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे 3.5 वर. क्रँक फिरवा, बटण दाबून धरा आणि समोरून टॉर्च मारा. मागून, भिंगाकडे तिरकं बघा. सरळ बघितलं तर निम्मे दोष दिसतच नाहीत. धुळीचे चारदोन कण असतील तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं. बुरशी पुसली जाते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ती नक्षी कायमची. सगळीकडे सारखा पसरलेला दुधी पडदा दिसला तर उजेडाच्या दिशेने काढलेल्या फोटोंचा काळेपणा जातो, सगळं राखाडी होतं. ओरखडे बघताना मागची बाजू आधी. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालून जातो, मागच्या काचेवरचा तेवढाच ओरखडा जास्त त्रास देतो.

मग शटर. इथे डोळ्यांपेक्षा कान कामाचे. एका सेकंदावर लावा आणि कॅमेरा कानाशी धरा. टक्, मग बारीक झिर्रर्र, मग पुन्हा टक्. ही झिर्रर्र म्हणजे वेग मंदावणारी दातेरी चाकं. मधेच ती थांबली, शटरच्या पाकळ्या उघड्याच राहिल्या, तर जुनं वंगण सुकून चिकट झालंय. 1/125 आणि 1/500 सेकंद ठणठणीत आणि फक्त सावकाश वेग अडकताहेत, असं फार वेळा होतं. असा कॅमेरा मेलेला नसतो, साफसफाईला आलेला असतो. तो खर्च भावातून वजा करून बोला. त्यात शिलाई मशीनचं तेल सोडणं म्हणजे मात्र त्याचा खून. तेल पाकळ्यांवर पसरतं, आणि पाकळ्या कोरड्या असल्या तरच सुटतात. आणखी एक. सेल्फ टायमरची खिट्टी ओढून बघायचा मोह होतो. ओढू नका. जुन्या शटरात ती अर्ध्यावर अडकली की तिच्याबरोबर शटरही अडकतं.

(फिल्मच्या जागी अर्धपारदर्शक कागद. त्यावर हळूहळू एक उलटी मिनार उमटते.)

खिशात बटर पेपरचा एक तुकडा असू द्या. फिल्म जिथे बसते त्या दोन पट्ट्यांवर तो ताणून धरा, शटर "बी" वर उघडं, फोकस अनंतावर, आणि कॅमेरा लांबच्या मिनाराकडे. कागदावर मिनार उलटी आणि कोरून काढल्यासारखी दिसली पाहिजे. वरच्या पडद्यावर रेखीव आणि कागदावर पुसट, तर दोन्ही भिंगांचा मेळ गेलाय, बहुधा पडल्यामुळे. वरून आत दिसणाऱ्या आरशाला मात्र बोट लावू नका. त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, रुमालानेही निघून येतो.

प्रकाशमापकाचं काय? तो 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला, आणि ते सेल आता बनत नाहीत. त्याच मापाचा 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला तर मापक जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळपट येतात. सोपा उपाय औषधांच्या दुकानात: श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल, 1.4 व्होल्ट. तो आकाराने लहान, म्हणून भोवती रबराची कडी. वरचं झाकण उघडलं की मापक चालू होतो, तेव्हा कपाटात ठेवताना झाकण बंद.

(काचेच्या कपाटात सोनेरी कॅमेरा. त्यावर गरुड कोरलेला.)

आणि हा मोहाचा क्षण. सोनेरी मुलामा, गरुडाचं चिन्ह, वर "लायका" हे महागड्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव कोरलेलं. बहुतेक वेळा ही सोव्हिएत फेड किंवा झोर्की असते, नव्याने सजवलेली. फेड 1934 पासून खार्किवमध्ये बनत होता, लायकाच्याच नमुन्यावरून. लेन्स काढा आणि आत वरच्या बाजूला दिसणारी, अंतरमापकाची छोटी दांडी बघा. खऱ्या लायकात तिच्या टोकाला फिरती गोल चकती असते. नकलेत पाचरीसारखा सपाट तुकडा. कोरीव काम कितीही सुबक असो, ही दांडी बदलायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घ्यायला काहीच हरकत नाही. झोर्की मुळात चांगला कॅमेरा आहे. फक्त त्याचा वेग बदलायचा तो शटर चढवल्यावरच, आधी नाही.

घरी आणल्यावर चामड्याचं कव्हर वेगळं काढा. दिसायला कितीही देखणं असलं तरी ते ओल धरून ठेवतं आणि बुरशीला पोसतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. मागच्या झाकणातला, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या लाकडी काडीने खरवडून काढा, आणि खाचेत काळी लोकर बसवा.

मग पहिला रोल. कृष्णधवल, 100 आयएसओचा. बारा फ्रेम, प्रत्येकीचा वेग आणि छिद्र वहीत लिहिलेलं. सकाळचं ऊन, एकच भिंत, वेग एकेक पायरी बदलत जायचं आणि छिद्र त्या हिशेबाने. सगळ्या निगेटिव्ह सारख्याच दाट निघाल्या तर शटर खरं बोलतंय. सावकाश वेगाच्या फ्रेम जास्त दाट निघाल्या, तर ती झिर्रर्र पुन्हा एकदा नीट ऐकायची.