काचेत नसलेला फोन

(दृश्य: मोबाइल दुकानाचं काउंटर, गिऱ्हाइकांचे हात)

बुधवार पेठ, पुणे. पासोड्या विठोबाच्या देवळाजवळचा हा बाजार. काचेतल्या प्रत्येक फोनसमोर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर आकडेच आकडे: मेगापिक्सेल, जीबी, एमएएच.

पण गिऱ्हाईक फोन हातात घेऊन काय करतं ते बघा. आधी उलटा करून पाठ बघणार. मग अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का, ते. मग खिशात घालून. ह्या बाईंनी तर बंद फोनच कानाला लावून पाहिला.

ह्यांना लाल रंग हवाय. दुकानदार प्रोसेसर समजावतोय, त्या ऐकूनही घेतायत. घेणार लालच.

आजोबांना वायरचा इअरफोन लागतो. हौस म्हणून नव्हे. फोनवरच्या एफएम रेडिओला ती वायरच अँटेना म्हणून लागते. आयफोनने २०१६ मध्ये इअरफोनचं भोक काढून टाकलं, पुढे बहुतेक महागड्या अँड्रॉइडनीही. स्वस्तातल्या फोनांत ते अजून मिळतं, म्हणून आजोबांचं भागलं.

(दृश्य: छोटा फोन हातात धरलेला माणूस)

ह्या गृहस्थांचं भागत नाही. त्यांना लहान फोन हवाय. पीएमपी बसच्या गर्दीत एक हात दांडीला अडकलेला असताना दोन हातांनी धरायचा फोन काय कामाचा?

२००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची पडद्याचा होता. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट आला, तेव्हा एवढा मोठा फोन कानाला लावायचा कसा, म्हणून थट्टा झाली होती. आज ह्या काचेत ५.३ इंचांचा फोन शोधून दाखवा. अ‍ॅपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंचांचे दोन ‘मिनी’ काढले. २०२२ च्या नव्या फोनांत मिनी नव्हताच. आला तो ६.७ इंचांचा ‘प्लस’. ह्यांच्याकडे आहे तो दुसरा मिनी. तो गेला, तर तसा नवा घ्यायला जागा नाही. मग आहे तोच जगवायचा.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल, अगदी जवळून)

चार्जिंगच्या ५०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के ताकद राहावी, अशा बेताने ही बॅटरी बनवलेली असते. त्या फेऱ्या कधीच उलटून गेल्यात.

आधी खालच्या कडेचे दोन स्क्रू. पाच पाकळ्यांचे, साध्या पेचकसाला दाद न देणारे. मग कडेला ऊब द्यायची, आतला गोंद सैल होईपर्यंत. ऊब जास्त झाली की पडदा गेलाच. रबरी चूषक लावून पडदा किंचित उचलायचा, फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची. पडदा पुस्तकासारखा एका बाजूला उघडतो. झटका द्यायचा नाही, आत केबल आहेत.

पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवायची. बाकी सगळं त्यानंतर. बॅटरीखाली चिकटपट्ट्या आहेत, त्या आडव्या धरून हळू ओढायच्या. ही पट्टी तुटली. आता अल्कोहोलचे थेंब आणि वाट पाहणं. इथे लोखंडी अवजार चालत नाही. लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते.

(निवेदन नाही. फक्त हात.)

२०१४ चा गॅलक्सी एस ५ ह्याच टेबलावर ठेवलाय. नखाने मागचं झाकण काढा, बॅटरी बदला, संपलं. शिवाय तो आयपी ६७ होता, म्हणजे पाण्यात पडला तरी निभावायचा. पाणी अडवायचं तर फोन चिकटवूनच बंद करावा लागतो, असं सांगणाऱ्यांनी हा एकदा उघडून बघावा. पुढच्याच वर्षी एस ६ आला, काचेच्या बंद पाठीचा.

न जगलेले फोन ई-कचऱ्यात जातात. त्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे लागू आहेत. युरोपात वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता यावी, असा नियम फेब्रुवारी २०२७ पासून येतोय, अर्थात पळवाटा ठेवून.

कडेला गोंदाची नवी पट्टी, पडदा दाबून बसवला, दोन स्क्रू परत. फोन सुरू. सेटिंगमध्ये सूचना आलीय की बसवलेली बॅटरी ओळखीची नाही. गृहस्थांनी ती वाचली, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन ती बंद केली, आणि आता भावावरून घासाघीस सुरू झालीय.