राखीव मेल सर्व्हरवरच स्पॅम का येतो?

नमस्कार मंडळी. ज्याच्याकडे मेल सर्व्हर सांभाळायचं काम आहे, त्याने एकदा राखीव सर्व्हरचा, म्हणजे मुख्य सर्व्हर मिळाला नाही तर मेल घेणाऱ्या सर्व्हरचा, लॉग (आल्यागेल्याची नोंद) निवांत बसून वाचावा. मुख्य सर्व्हर ठणठणीत चालू असतो, नेटवर्कला काही झालेलं नसतं, आणि तरी राखीव सर्व्हरवर मेलची रीघ लागलेली असते. नियमाप्रमाणे त्या वेळी तिथे कुणी फिरकायलाच नको. जे येतं त्यात स्पॅमच जास्त. ते तिथे का येतं आणि मेल सेवा देणाऱ्यांनी त्यावर काय तोड काढली, त्याबद्दल आज बोलतो.

एखाद्या डोमेनची (मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) मेल कुठे पोचवायची, हे डीएनएसमधल्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या वहीतल्या, एमएक्स नोंदी सांगतात. १९८६ सालच्या आरएफसी ९७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) मध्ये ही पद्धत मांडली गेली. प्रत्येक नोंदीला एक आकडा असतो. ज्याचा आकडा लहान तो सर्व्हर आधी, तो मिळाला नाही तर पुढचा. त्या काळी लाइन भरवशाच्या नव्हत्या, काही यंत्रं तर ठरावीक वेळीच जोडली जायची. म्हणून शेजारच्या एखाद्या संस्थेने आपली मेल तात्पुरती ठेवून घ्यायची आणि आपण परत आलो की सोपवायची, हा चांगुलपणाचा व्यवहार होता.

स्पॅम पाठवणारा ही यादी खालून वाचतो. त्याचा हिशोब साधा असतो. राखीव सर्व्हर बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाचा असतो, त्यावर गाळणी जुनी असते किंवा नसतेच, आणि त्याकडे कुणी रोज बघत नाही. पण मला सगळ्यात घातक वाटते ती वेगळीच गोष्ट. मुख्य सर्व्हर राखीव सर्व्हरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्याला ठेवावाच लागतो. राखीवकडून आलेली मेल मुख्य सर्व्हरला राखीवच्याच आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या क्रमांकावरून) आलेली दिसते. तिथे एसपीएफ, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे का हे, तपासलं तर चांगली मेलसुद्धा नापास होणार. म्हणून ॲडमिन राखीवला त्या तपासणीतून सूट देतो. आयपीवर आधारलेल्या काळ्या याद्यांचंही तेच, स्पॅम सोडणाऱ्याचा मूळ पत्ता राखीवच्या आड लपतो. एवढी मेहनत घेऊन उभारलेली तपासणी एका सवलतीने आंधळी होते.

आता एकच संवाद जवळून बघू. स्पॅम पाठवणारं यंत्र राखीव सर्व्हरला जोडतं. ‘मेल फ्रॉम’मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी, कुणा तिसऱ्याचाच पत्ता घालतं. ‘आरसीपीटी टू’मध्ये, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी, आपल्या डोमेनवरचं एक नाव ठोकून देतं, असं नाव जे आपल्याकडे कधीच नव्हतं. राखीव सर्व्हरकडे वापरकर्त्यांची यादी नाही, त्यामुळे तो म्हणतो २५०, म्हणजे ठीक. मग मजकूर येतो, शेवटच्या ओळीवर एकटं टिंब, आणि पुन्हा २५०. या दुसऱ्या २५० ला फार वजन आहे. तो उच्चारला की मेलची जबाबदारी राखीवच्या गळ्यात पडली. तो ती मुख्य सर्व्हरकडे नेतो, तिथे उत्तर मिळतं ५५०, असा माणूस इथे नाही. आता राखीवने काय करावं? नियम सांगतो, पाठवणाऱ्याला कळवा. म्हणून तो न पोचल्याची सूचना लिहितो आणि पाठवतो त्या तिसऱ्या माणसाला, ज्याने काहीच पाठवलेलं नव्हतं.

यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. ज्याचा पत्ता असा वापरला जातो, त्याच्या इनबॉक्समध्ये या सूचनांचा ढीग पडतो आणि त्याला कळत नाही की आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नसतं, चूक आपल्या राखीव सर्व्हरची असते. आणि मग त्या सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जातो, तेही रास्तच आहे.

उपाय एकच, नाही म्हणायचं ते संवाद चालू असतानाच म्हणायचं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘रिले रेसिपियंट मॅप्स’ त्यासाठीच आहे, वैध पत्त्यांची यादी राखीववरही ठेवता येते. यादी ठेवायची नसेल तर तो मुख्य सर्व्हरला विचारून उत्तर जपून ठेवू शकतो. पण मुख्य बंद असताना नव्या पत्त्याबद्दल विचारणार कुणाला? म्हणून मी यादीच्या बाजूने आहे.

मोठ्या कंपन्यांनी मात्र मुख्यपेक्षा कमी जाणणारा राखीव सर्व्हर ठेवलेलाच नाही. जीमेलच्या एमएक्स नोंदी पाहा, ५, १०, २०, ३०, ४० असे पाच आकडे दिसतील. पण पाचही नावांमागे गूगलचीच यंत्रणा आहे, पाचव्या नावाकडे गेल्याने स्पॅमला काही सूट मिळत नाही. २०२३ पासून गूगल वर्कस्पेसच्या नव्या ग्राहकांना तर एकच नोंद पुरते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही डोमेनमागे एकच नाव दिलं जातं, आणि भार वाटण्याचं काम त्या नावाच्या मागे होतं.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणखी एक युक्ती ध्यानात ठेवावी. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंग मांडलं. अनोळखी पाठवणाऱ्याला ४५१ सांगायचं, नंतर या. खरा सर्व्हर परत येतो, घाईतलं स्पॅम यंत्र बऱ्याचदा येत नाही. पण राखीववर ग्रेलिस्टिंग नसेल तर सगळं मुसळ केरात, मेल तिकडून शिरते. दोघांची नोंदवही एकच हवी. पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीन या दारावरच्या तपासनिसाने तर थेट राखीवकडे जाण्याची हीच खोड उलटवली. मुख्य पत्ता सोडून जो अनोळखी थेट राखीव पत्त्यावर येतो, त्याला तो परवानगीच्या यादीत घेत नाही, तात्पुरता नकार देतो. नियम पाळणारा मुख्य पत्त्यावर जातो आणि पास होतो.

मग छोट्या संस्थेला राखीव सर्व्हर हवा का? माझं मत, बहुतेकांना नको. आरएफसी ५३२१ नुसार पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहायचं असतं. तुमचा सर्व्हर रात्रभर बंद राहिला तरी मेल पाठवणाऱ्याच्याच रांगेत थांबते. आठवडाभराचं संकट ज्यांना परवडणार नाही, त्यांनी राखीव जरूर ठेवावा, पण मुख्यइतकीच गाळणी आणि तीच यादी देऊन.

आणि काढायचा ठरवलात तर नुसती एमएक्स नोंद पुसून थांबू नका. स्पॅम पाठवणारे जुने पत्ते जपून ठेवतात आणि नोंद गेल्यावरही तिथे येत राहतात. राखीव सर्व्हरवर आपल्या डोमेनसाठी मेल स्वीकारण्याची परवानगी काढा, मुख्य सर्व्हरवर दिलेली सूट काढा, आणि मग लॉग पुन्हा वाचा.