मेणातली दाढ

श्रोतेहो, नमस्कार. दंतवैद्यक महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पुष्कळदा मनात एक सल घेऊनच येतो: 'नीट'मध्ये थोडे गुण कमी पडले, एमबीबीएस हुकले, म्हणून बीडीएस. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही "म्हणजे खरा डॉक्टर नव्हे ना?" असे विचारतात, दाढ ठणकू लागली की मात्र त्यांना रात्री अकरा वाजताही हाच डॉक्टर आठवतो.

या विद्यार्थ्यांच्या आत्मविश्वासाची खरी कसोटी लागते ती पहिल्या वर्षी, मेणाच्या ठोकळ्यासमोर. बारावीपर्यंत लेखी उत्तरांच्या बळावर पुढे आलेल्या मुलांना तिथे दात कोरून दाखवावा लागतो. मराठवाड्यातून आलेली एक हुशार विद्यार्थिनी मला आठवते. वरच्या जबड्यातली पहिली दाढ कोरताना तिचे चारही उंचवटे नीट येत. पण त्यांतल्या दोघांना जोडणारा तिरका कंगोरा काढताना कार्व्हर, म्हणजे कोरायचे हत्यार, निसटे, मेणाचा टवका उडे आणि सगळी दाढ सपाट होई. "सर, माझ्या हातातच नाही हे," असे ती म्हणू लागली. काचेच्या कपाटातली नमुन्याची देखणी दाढ पाहून तर ती अधिकच खचे.

एके दिवशी तिच्या बाकावरचा दिवा बंद पडला, म्हणून ती दुसऱ्या बाकावर, आदल्या वर्षी नापास झालेल्या एका मुलीशेजारी जाऊन बसली. त्या मुलीचा हातही काही जन्मजात कुशल नव्हता. ती आधी मेणावर रेघ आखून घेई, एकच बाजू कोरी, मोजून पाही आणि बिघडले की नवा ठोकळा उचली. तासाच्या शेवटी आमची विद्यार्थिनी म्हणाली, "हिला जमतंय, तर मलाही जमेल." आणि थोड्याच आठवड्यांत तो कंगोरा तिला साधला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे काम मला जमेल' या विश्वासाचे चार उगम मांडले: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याच माणसाला यशस्वी होताना पाहणे, विश्वासातल्या व्यक्तीने दिलेला धीर, आणि छातीची धडधड किंवा हाताचा कंप यांचा आपण लावलेला अर्थ. पुन्हा सांगतो, आपल्यासारख्याच माणसाला. निष्णात गुरूला पाहून तेवढे बळ येतेच असे नाही. (महाविद्यालये प्रेरणादायी वक्त्यांवर करतात तो खर्च मला म्हणूनच पटत नाही, त्या पैशांत मेणाचे कितीतरी ठोकळे येतील.)

आता आमच्या कपाटात त्या देखण्या दाढेशेजारी विद्यार्थ्यांच्या अर्धवट, टवके उडालेल्या दाढाही मांडलेल्या असतात, आणि नवी मुले आधी त्याच हातात घेऊन पाहतात.