पडदा आला, पिना गेल्या

हा निळा बोर्ड बहुतेकांच्या ओळखीचा. आर्डुइनो उनो, म्हणजे हौशी प्रकल्पांसाठीचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड. दोन्ही कडांना वायरी जोडायच्या पिनांच्या रांगा आणि रॅम अवघी २ किलोबाइट. एखादा सेन्सर वाचायचा, रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) चालू-बंद करायचा, एवढ्या कामाला ती पुरून उरते.

आता हा दुसरा, पिवळा बोर्ड बघा. हौशी मंडळी याला ‘चीप यलो डिस्प्ले’ म्हणतात. २.८ इंची टचस्क्रीन आणि तिच्या पाठीला ईएसपी३२ ही चिप. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, मेमरी कार्डाचा स्लॉटही आहे. पिना मात्र शोधाव्या लागतात. मोकळ्या म्हणाव्यात अशा जेमतेम तीन-चार. त्यातली ३५ नंबरची तर नुसती इनपुट घेते. तिच्यावर रिले लावलात तर तो ढिम्म हलणार नाही. पण घरातलं तापमान दाखवायचं, दिवे लावायला बटणं हवीत, तर ना ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पाटी) लागतो ना जंपर वायरींचं जंजाळ.

मात्र पडदा खादाड असतो. जरा हिशोब करू. यावर ३२० गुणिले २४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २ बाइट. झाले १,५३,६०० बाइट, तेही एकाच चित्राचे. चिपमध्ये रॅम आहे ५२० किलोबाइट, आणि त्यात वाय-फायचाही वाटा. म्हणून पडदा तुकड्यातुकड्यानं रंगवायचा. एलव्हीजीएल ही लायब्ररी बदललेला भाग तेवढाच नव्यानं काढते. इथवर निभावतं. पण भिंतीवर ८०० गुणिले ४८० चा पॅनल लावायचा म्हटलं, की एका चित्रालाच ७,६८,००० बाइट लागतात आणि आतली रॅम हात टेकते. तिथे ईएसपी३२-एस३ ही चिप कामाला येते, सोबत ८ मेगाबाइटपर्यंत पीएसरॅम, म्हणजे जोडीची जादा रॅम घेऊन. जाहिरातीत मेगाहर्ट्झ, म्हणजे चिपचा वेग, ठळक छापलेले असतात. पडदा चालवायचा असेल तर नजर आधी पीएसरॅमवर जायला हवी.

याच वाटेवरची पुढची चिप ईएसपी३२-पी४. ४०० मेगाहर्ट्झचे, रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेचे दोन कोअर, आणि मोबाइलच्या पडद्यांना असते तशी मिपी-डीएसआय जोडणी. गंमत अशी, की हिच्यात रेडिओच नाही! म्हणून अनेक बोर्डांवर तिच्या शेजारी ईएसपी३२-सी६ ही चिप बसवलेली दिसते. सी६ कडे वाय-फाय ६, ब्लूटूथ आणि घरातल्या उपकरणांसाठीची झिगबी आणि थ्रेड ही बिनतारी नेटवर्कं, सगळंच आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मॅटर १.० हे स्मार्ट उपकरणांचं सामायिक मानक आलं आणि थ्रेडला भाव आला. फक्त, थ्रेडवरचं उपकरण घरच्या नेटवर्कला जोडायला बॉर्डर राउटर हे मधलं उपकरण लागतं, हे खोक्यावर सहसा बारीक अक्षरांत असतं.

प्रोग्रॅमिंगही सोपं झालंय. ईएसपीहोम या साधनात सी++ न लिहिता, यामल या साध्या मजकूर-मांडणीच्या काही ओळींत सेन्सर होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडता येतो.

बॅटरीवर चालवायचं असेल, तर ई-पेपर, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा. चित्र एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. चिप गाढ झोपली की तिला १० मायक्रोअँपच्या आसपास पुरतात. पण बॅटरी महिनोन् महिने चालेल या भरवशावर राहू नका. बोर्डाच्या कोपऱ्यातला लाल दिवा पाहिलात? चिप झोपली तरी तो जागाच, आणि एकटाच तिच्या कितीतरी पट वीज खातो. व्होल्टेज रेग्युलेटर आणि यूएसबीची चिपही त्याला साथ देतात. म्हणून बोर्ड निवडताना झोपेतल्या करंटचा आकडा नुसत्या चिपचा आहे की अख्ख्या बोर्डाचा, ते तपासा.