अण्णा रोज चालत यायचे

(हिंगणे, पुणे. पहाट. झोपडीचं दार, कौलांवरून उतरणारा उजेड.)

ही झोपडी बांधायला 500 रुपये लागले. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन दिली आणि वर 750 रुपये रोख. आता चारी बाजूंनी कर्वेनगर आहे, पण 1900 साली इथं माळ होता. पुण्यात प्लेग होता आणि अण्णांच्या आश्रमातल्या विधवा मुलींना शहराबाहेर न्यायचं होतं. शहराबाहेर म्हणजे इथं. दिवेलागणीनंतर माणूस फिरकणार नाही अशा जागी.

माणूस फिरकायचा. एकच. धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. घरात आणि आश्रमात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

(रस्ता. पावसात. कॅमेरा चालणाऱ्याच्या मागे.)

दिवसभर कॉलेजात शिकवायचं. संध्याकाळी सामान घेऊन चार-एक मैल चालत हिंगण्याला यायचं. मुलींना शिकवायचं, हवं-नको बघायचं, रात्री इथंच राहायचं आणि सकाळी पुन्हा कॉलेज. पावसाळ्यात या वाटेवर चिखलच चिखल असे. आम्ही ऐन पावसात ही वाट चालून पाहिली. अर्ध्यावर कॅमेरा पिशवीत ठेवावा लागला. तोवर जे मिळालं, ते तुम्ही बघताय.

(पावसाचा आवाज. निवेदन नाही.)

पण चालणं हिंगण्याला सुरू झालं नाही. ते कळायला कोकणात जावं लागतं.

(मुरूड. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या, गावातला सरळ रस्ता.)

दापोली तालुक्यातलं मुरूड. अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी, शेरवलीला. वाढले इथं. घरची परिस्थिती ओढगस्तीची. सरकारी नोकरीसाठी लागणारी सहावीची परीक्षा द्यायची तर केंद्र मुंबईला किंवा साताऱ्याला. मुंबई गाठायची ती समुद्रानं, आणि 1875 च्या त्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला. राहिलं सातारा. शंभर मैलांहून जास्त वाट, पायी.

(कुंभार्ली घाट. धुकं. खाली चिपळूणच्या बाजूची दरी.)

मुरूडहून खेड, चिपळूण, मग हा घाट. आज गाडीनं चढताना वळणावळणावर कान बंद होतात. सतरा वर्षांचं ते पोर सोबत्यांबरोबर भर पावसात हा घाट चढलं. वर हेळवाक, पुढे पाटण, आणि मग साताऱ्याचा रस्ता.

साताऱ्यात परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. किरकोळ अंगकाठी, चेहऱ्यावर मिसरूडही नाही. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागतात. हा मुलगा तेवढा दिसत नाही. दाखला जवळ होता, पण साहेबांना तो पटला नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही.

आल्या वाटेनं परत.

(घाट. वरून खाली, त्याच वळणांवरून.)

चरित्रकार हा प्रसंग जिद्दीचा म्हणून सांगतात, आणि आहेच तो. मला मात्र घाट उतरतानाचा मुलगा दिसतो. घरी आईला काय सांगायचं, हे जुळवत चाललेला.

(मुरूड. एका घराची ओटी, बंद दार.)

पुढे मुंबई, बी.ए., शिकवण्या. राधाबाईंशी लग्न लहानपणीच झालं होतं. 1891 साली त्या गेल्या. मागे मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी टिळकांच्या रिकाम्या झालेल्या जागी अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. विधुरानं कुमारिकेशी लग्न करावं, ही तेव्हाची रीत. अण्णांनी विधवेशीच करायचं ठरवलं. 11 मार्च 1893 ला पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई देवरुखच्या, आठव्या वर्षी विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी त्याच. लग्नानंतर नाव आनंदीबाई, घरात बाया.

मुरूडनं ठराव केला: कर्वे नवरा-बायकोला घरात घेईल त्या घरावर बहिष्कार. आईच्या घरालाही तो लागू होता. गावच्या उपयोगासाठी मुरूड फंड उभा करणाऱ्या मुलाला आईच्या ओटीवर जागा उरली नाही.

(झोपडी. आतून दार. बाहेर वाट.)

आता पुन्हा ही झोपडी बघा, आणि इथं कोण नव्हतं ते ऐका.

आश्रम चालायचा वर्गणीवर. वर्गणी देणाऱ्यांना विधवेनं शिकावं इथवर पटत होतं. तिनं पुन्हा लग्न करावं म्हटलं की ते हात आखडता घेत. म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाह एकमेकांपासून लांब ठेवले. बाया पुनर्विवाहित. स्वतः विधवापण भोगलेली, शिकलेली ही बाई आश्रमात काम करायला तयार होती, आणि तिलाच लांब राहावं लागलं. तो सल बायांनी लपवला नाही, एवढंच सांगू. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र आश्रमाचा मोठा आधार झाली. वर्गणीसाठी पार अमेरिकेपर्यंत गेली.

(जुनी हिशेबाची वही, पानं उलटताना.)

अण्णा आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन मोकळे झाले. घर बायांनी चालवलं. रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर: चार मुलं, त्यांची शिक्षणं, आला-गेला, आणि पैशापैशाला हिशेब. अण्णा घराचे कर्ते होते हे खरंच. घर मात्र बायांच्या कमरेवर उभं होतं, आणि हे कुठल्याही सत्कारात म्हटलं जात नाही.

(विद्यापीठाची इमारत. झपाट्यानं.)

1907 ला महिला विद्यालय, 1916 ला महिला विद्यापीठ, 1920 ला सर विठ्ठलदास ठाकरसींचे 15 लाख आणि त्यांच्या आईचं नाव. आजचं एसएनडीटी ते हेच.

(गल्ली. चालणारी पावलं.)

1936 साली अण्णा 78 वर्षांचे होते. खेड्यांत शाळा नाहीत म्हणून त्यांनी नवी संस्था काढली, आणि पैसा पैसा गोळा करत दारोदार हिंडू लागले. मुलं आपापल्या जागी मोठी झाली होती. घरच्यांनी अडवून पाहिलं असेल का? असेल. या वयात त्यांना घरी बसवणं कुणालाच जमलं नाही.

(टपाल तिकीट, जवळून.)

18 एप्रिल 1958. अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली, आणि ते हयात असताना त्यांचं तिकीट निघालं. किंमत 15 नये पैसे. त्याच वर्षी भारतरत्न. बाया 1950 मध्येच गेल्या होत्या. अण्णा गेले 9 नोव्हेंबर 1962 ला.

(हिंगणे. शाळा सुटते. मुली सायकली काढतात, त्याच वाटेनं पुण्याकडे निघतात. आवाज हळूहळू कमी.)