माळ्यावरची गिटार : एका टीव्ही कार्यक्रमाचा कच्चा आराखडा

नमस्कार. माझ्यासमोर टेबलावर जी गिटार दिसते आहे, तिच्यावर आज एकही तार नाही आणि तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, दोन शिकंज्यांमध्ये आवळून ठेवलेला आहे. ही गिटार माझीच असून ती अकरा वर्षे आमच्या कोल्हापूरच्या घरी माळ्यावर पडून होती. मूळची ती नायलॉनच्या तारांची. परंतु एकदा तार तुटली म्हणून मी ती एका दुकानात नेली, तेव्हा तिच्यावर स्टीलच्या तारा चढवून देण्यात आल्या, आणि आवाज मोठा झाला म्हणून मीही खुशीत घरी परतलो. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून साधारण ४० किलो ताण असतो आणि स्टीलच्या सहा तारांचा ७० किलोच्या आसपास. दोन पावसाळे गेले आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट पडली. तारा इतक्या उचलल्या गेल्या की बोटे दुखू लागली, आणि बोटे दुखू लागली की गिटार माळ्यावर जाते, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांतले वास्तव आहे.

गिटारप्रेमींसाठी टीव्हीवर एखादा कार्यक्रम करायला मिळाला, तर तो याच माळ्यापासून सुरू व्हावा, असे मला वाटते. सध्या टीव्हीवर गिटार दिसते ती गाणाऱ्याच्या मागे, कृत्रिम धुरात, दोन सेकंदांपुरती. स्पर्धा, परीक्षक, गुण आणि डोळ्यांतले पाणी हे सर्व आपण भरपूर पाहिले आहे. त्यात गिटारची आणखी एक भर मला नको आहे. माझ्या कार्यक्रमात प्रत्येक भागात एका घरातली, वाजेनाशी झालेली एकच गिटार येईल, ती का वाजत नाही ते शोधले जाईल, ती दुरुस्त होईल आणि शेवटी ज्याची आहे त्यालाच ती वाजवायला दिली जाईल. ती सुरात लागेल की नाही, एवढी उत्कंठा मला पुरेशी वाटते.

वेळेचा हिशेब आधी मांडू. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात आपल्या हाती २४ मिनिटे राहतात. गंमत अशी की निखळलेला ब्रिज सरस लावून बसवला, तर तो वाळायला साधारण २४ तास द्यावे लागतात. हा अवधी कापून ‘आणि ही पाहा तयार गिटार’ असे म्हणणे टीव्हीला सोपे आहे, पण ते मी टाळेन. शिकंजे आवळताना कडेने सरसाचा बारीक थेंब बाहेर येतो, तो ओल्या फडक्याने पुसावा लागतो, आणि मग हात बांधून थांबावे लागते. त्या थांबण्याच्या वेळात गिटारच्या मालकाशी बोलावे, ती कोणी घेतली, कोणत्या वर्षी, पहिले गाणे कोणते बसवले हे विचारावे, आणि पडद्यावर स्पष्ट लिहावे की पुढचे दृश्य दुसऱ्या दिवशीचे आहे.

आता कॅमेऱ्याविषयी. ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबुराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्यावर विसंबून न राहता स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावात कॅमेऱ्याचा विचार हलगर्जीपणे करून चालणार नाही. मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींत गिटारच्या तारा सापासारख्या वळवळताना दिसतात आणि लोकांना वाटते की तार खरोखरच तशी हलते. तसे नसते. मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळीओळीने टिपतो. एक ओळ टिपून दुसरीकडे जाईपर्यंत तार जागा बदललेली असते, म्हणून ती वाकडी दिसते. गिटारची मोकळी, म्हणजे बोटाने न दाबलेली, ‘ए’ तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते आणि आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रे दाखवतो. या दोघांचा मेळ बसणे शक्यच नाही. त्यामुळे तार धूसर पट्ट्यासारखी दिसू द्यावी, कारण डोळ्यालाही ती तशीच दिसते. दुसरे असे की वादकाच्या समोर कॅमेरा ठेवला की शिकणाऱ्याला सर्व उलटे दिसते. कॅमेरा वादकाच्या खांद्यावरून खाली पाहणारा हवा, म्हणजे पडद्यावरचा डावा हात प्रेक्षकाच्याही डाव्या हाताच्या जागी येतो.

आवाजाबद्दल मी अधिक हट्टी आहे. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवला की घुमारा येतो आणि प्रत्येक गिटार रिकाम्या पिंपासारखी वाजते. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या; माइक त्यांतल्या बाराव्या फ्रेटसमोर, वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा आणि त्या आवाजावर नंतर कोणताही प्रतिध्वनी चढवू नये. दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा आवाज एकाच खोलीत, एकाच माइकवर ऐकवला नाही, तर हा कार्यक्रम करण्यात अर्थ नाही.

१३ भागांची मालिका धरली, तर बहुतेक भागांचे विषय कोल्हापूरचे हवामानच ठरवून देईल. जुलैत संततधार लागली की लाकूड ओल शोषून फुगते, गिटारची वरची फळी पोट काढते आणि तारा उंच जातात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उलट घडते, फ्रेटबोर्डाचे लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला करवतीसारखी लागतात. बहुतेक ठिकाणी बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून तारेची उंची मिलिमीटरमध्ये मोजली, मानेच्या आतली ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई पाव फेरा फिरवली आणि ब्रिजवर तारा टेकतात ते सॅडल थोडे घासले, तरी काम भागते. एक भाग इलेक्ट्रिक गिटारचा असेल आणि त्याचे चित्रण मी मुद्दाम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत करेन. यंत्रांच्या आणि विजेच्या तारांच्या सान्निध्यात एकेरी गुंडाळीचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग, जी ‘हूं’ काढते, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती गुणगुण कशी मारली, हे तेथे एक बटण फिरवून ऐकवता येईल.

परंतु ज्या एका भागासाठी मला ही सारी मालिका करावीशी वाटते, तो मिरजेचा आहे. कोल्हापूरहून जेमतेम ५० किलोमीटरवर सतारमेकरांची गल्ली आहे, आणि तेथे तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे त्याच्या ब्रिजवर, कानसने जवारी (तारेला झणझण देणारी गोलाई) काढताना पाहणे हा गिटारवाल्यासाठी एक धक्काच असतो. गिटारमध्ये तार फ्रेटला घासून झणझणली तर तो दोष समजून आपण तो काढायला धावतो. येथे तीच झणझण घोडीला सूक्ष्म गोलाई देऊन आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून मुद्दाम जन्माला घातली जाते. एकाचा आजार तो दुसऱ्याचा प्राण.

त्या गल्लीत बसून गिटार आणि तानपुरा एकत्र लावावा. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून स्वयंभू गंधार, म्हणजे कोणी न वाजवता आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकू येतो, हे गाणे ऐकणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आता त्याच षड्जावर गिटारचा गंधार वाजवा. तो चढा लागतो, आणि कान तयार असेल तर चांगलाच चढा लागतो. सप्तकाचे १२०० भाग केले, तर स्वयंभू गंधार ३८६व्या भागापाशी पडतो आणि गिटारचा ४००व्या भागावर, कारण गिटारच्या फ्रेटनी सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले आहेत. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात; गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले असतात. पुष्कळ नवशिके ‘बी’ नावाची तार ‘जी’ कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या त्या जुळणीत, गोड लागेपर्यंत खाली उतरवतात आणि मग ‘डी’ कॉर्ड कणसूर का लागते म्हणून डोके धरून बसतात. त्यांचा कान चुकलेला नसतो, त्यांनी नकळत तानपुऱ्याचा गंधार मागितलेला असतो. याच अडचणीतून गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणाऱ्या पंडित ब्रिजभूषण काब्रा आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांची वाट समजते. तारेवर दांडी सरकवली की फ्रेटचा प्रश्नच उरत नाही, हवा तो गंधार मिळतो आणि मींडही मिळते. देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेच्या मैफलींत कान तयार झालेल्या कोल्हापूरकराला गिटार ‘जरा परकी’ का वाटते, याचे उत्तर मला ३८६ आणि ४०० यांमधल्या या १४ सूक्ष्म भागांच्या फरकात दिसते, आणि ते समजावून सांगायला २४ मिनिटे कमी पडतील अशी मला भीती आहे.

सह्याद्रीतल्या शिसवीवरही एक भाग करता येईल. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आल्यानंतर जगभरच्या गिटारकारांना भारतीय शिसवीचा आधार आणखी मोठा वाटू लागला. मात्र त्या भागासाठी लाकूड कापताना दाखवायचे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.

सूत्रसंचालक म्हणून मला प्रसिद्ध चेहरा नको. दुरुस्ती करणारा कारागीर आणि सहा महिन्यांपूर्वी शिकायला लागलेली एखादी मुलगी, एवढी दोनच माणसे पुरे. तिने ‘हे असे का?’ म्हणून विचारावे आणि त्याने हातातले काम न थांबवता सांगावे.

पहिल्या भागाची गिटार अर्थातच ही समोरची. काल संध्याकाळी सात वाजता मी जुना सरस खरवडून ब्रिज पुन्हा चिकटवला आहे. आज सातनंतर शिकंजे सुटतील, आणि नायलॉनच्या नव्या तारांचे पाकीट हे येथे, अजून न फोडलेले, ठेवलेले आहे.