पहिल्या शनिवारचं ओझं

ऑगस्ट सरत आला की आपल्या मिशिगनमध्ये गप्पांना कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलशिवाय दुसरा विषय उरत नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणांची मुलं ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात शिकली किंवा शिकताहेत, त्यामुळे समोर निळे-पिवळे टी-शर्ट भरपूर दिसताहेत. मागच्या रांगेत दोन-तीन हिरवेही आहेत, म्हणजे मिशिगन स्टेटवाले, त्यांचं विशेष स्वागत! कॉलेज फुटबॉलमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्याकडून आपण भलतीच अपेक्षा का ठेवतो, याची तीन कारणं आज सांगायची आहेत. पण २००७ बद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

तारीख १ सप्टेंबर. देशभरातल्या संघांमध्ये मिशिगनचं रँकिंग पाचवं. आदल्या वर्षी लागोपाठ अकरा सामने जिंकून आपण ओहायो स्टेटपुढे उभे राहिलो, पहिला क्रमांक विरुद्ध दुसरा, आणि ४२–३९ असे हरलो. मग रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामनाही गेला. चॅड हेनी, माइक हार्ट, जेक लाँग हे आपले तिन्ही मोठे खेळाडू आणखी एक वर्ष कॉलेजातच राहिले. म्हणजे त्या दिवशी स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं जमली होती ती जुना हिशेब चुकता करायला. समोर कोण आहे याची फिकीर कुणाला होती?

समोर होती ॲपलेशियन स्टेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून या डोंगरातल्या गावचं विद्यापीठ, तेव्हा खालच्या विभागात खेळणारं. आपल्याला खेळाडूंना ८५ स्कॉलरशिप देता यायच्या, त्यांना ६३. या सामन्यासाठी मिशिगनने त्यांना ४ लाख डॉलर दिले होते. असे व्यवहार सर्रास होतात: मोठ्या संघाला घरच्या मैदानावर सोपा विजय हवा असतो, आणि लहान कॉलेज त्या पैशांवर आपला खेळ चालवतं. मात्र ही मुलं सलग दोन वर्षं आपल्या विभागाची विजेती होती. रँकिंगमध्ये ते दिसणार कसं? रँकिंग ठरवणाऱ्या एपी या वृत्तसंस्थेच्या मतदानात त्या विभागाला जागाच नव्हती. तो नियम या सामन्यानंतर बदलला!

मध्यंतराला धावफलक २८–१७, त्यांच्या बाजूने. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, अर्मांटी एडवर्ड्स आपल्या बचावाच्या हाती लागेना. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना हार्टने ५४ यार्ड धावत चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन केला आणि आपण ३२–३१ असे पुढे गेलो. २६ सेकंद उरले तेव्हा त्यांनी फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून उडवून तीन गुण घेऊन, ३४ केले. तरी हेनीच्या एका लांब पासने आपल्याला ३७ यार्डांच्या फील्ड गोलची संधी मिळवून दिली. कोरी लिंचने तो अडवला. संपलं.

पुढच्या आठवड्यात ओरेगॉनने ३९–७ असं धुतलं. मग त्याच संघाने सलग आठ सामने जिंकले, आणि प्रशिक्षक लॉइड कार यांच्या शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाला ४१–३५ असं हरवलं. हे किती जणांना आठवतं? दोन शनिवारांत ज्यांना आपण मोडीत काढलं ती वीस-बावीस वर्षांची मुलं होती, सोमवारी वर्गात बसणारी. मला आजही याचंच वाईट वाटतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तेव्हा कारणं भरभर सांगतो.

एक, कॉलेजमध्ये हंगामापूर्वी इतर संघांशी सराव सामनेच नसतात. ऑगस्टमधलं रँकिंग म्हणजे लग्नाआधी जुळवलेली पत्रिका. छत्तीस गुण जुळले तरी संसार अजून व्हायचाच असतो. दोन, संघ दरवर्षी नवा असतो. पूर्वी मुलं पदवी घेऊन जायची, आता खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे अर्धी फळी एका हिवाळ्यात बदलू शकते, आणि आपण मात्र मागच्याच वर्षाचा संघ डोळ्यांपुढे ठेवून बसतो. तीन, प्रतिस्पर्धी. सोप्या संघावर पन्नास गुणांनी जिंकलो तरी कळत काहीच नाही.

१९८३ साली मायामी पहिला सामना फ्लोरिडाकडून २८–३ असा हरली आणि राष्ट्रीय विजेती झाली. व्हर्जिनिया टेक २०१० मध्ये पहिले दोन्ही सामने हरली, दुसरा तर जेम्स मॅडिसनसारख्या लहान संघाकडून, आणि पुढचे अकरा जिंकली. उलटही घडतं: २०२४ मध्ये दहाव्या क्रमांकाची फ्लोरिडा स्टेट आयर्लंडमधल्या डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४–२१ अशी हरली, आणि तो हंगाम खरोखरच २–१० असा बुडाला.

मग बघायचं काय? चेंडूमागे डोळे पळवू नका. दोन्ही बाजूंच्या लाइनमन मुलांकडे, पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्यांकडे पाहा: चौथ्या क्वार्टरमध्ये कोण कुणाला मागे रेटतंय, टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, सुटतंय का, बेशिस्तीच्या पेनल्टी किती होताहेत. आणि तीच गोष्ट दुसऱ्या शनिवारी पुन्हा पाहा. त्यात फरक दिसला, तर संघ शिकतोय. धावफलकाबद्दल आपण ऑक्टोबरमध्ये बोलू.